वरिष्ठांच्या वागण्यातून स्वतःची विकास योजना

वैयक्तिक विकासाची योजना लिहायला बसलं की बहुतेकांच्या कागदावर तीच वाक्यं उतरतात. संवादकौशल्य वाढवायचं, आत्मविश्वास आणायचा, टीमला सोबत घेऊन जायचं. सहा महिन्यांनी यातलं काय जमलं ते सांगता येत नाही, कारण उद्या सकाळी नेमकं काय करायचं हे त्यात कुठेच नसतं. म्हणून ज्यांच्या हाताखाली काम केलं त्या माणसांपासून सुरुवात करा.

असे पाच-सहा जण आठवा. आवडते घ्या आणि नकोसे झालेलेही घ्या. प्रत्येकाला अर्धं पान द्या. 'तापट', 'हुशार' अशी विशेषणं टाळून एकेक प्रसंग लिहा. काम अडलं तेव्हा ते काय बोलले, त्यावर लोकांनी काय केलं, आणि ते जागेवर नसताना काम कसं चालायचं?

शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त सांगून जातो. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ साली मुलांच्या गटांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. हुकूम सोडणारा नेता खोलीबाहेर गेला की त्या गटाचं काम ढेपाळायचं. सगळ्यांना विचारून चालणाऱ्या गटात ते बऱ्यापैकी तसंच चालू राहायचं. म्हणून हुकूम कधीच देऊ नये असं मात्र नाही. आणीबाणीच्या वेळी 'तू हे कर, तू ते' असं स्पष्ट सांगणाराच उपयोगी पडतो. नवख्या माणसालाही सुरुवातीला नेमक्या सूचना लागतात. मुरलेल्याला त्याच सूचना दिल्या तर तो दुखावतो. मोकळीक देणाऱ्या वरिष्ठांकडे जरा बारकाईने पाहा. काम सोपवताना ते पुढच्या तपासणीची तारीख ठरवत असतील तर तो विश्वास आहे. तारीखच नसेल तर ते चक्क दुर्लक्ष आहे.

आता या पानांमधून एकच वागणूक निवडा. तीन-चार एकदम घेतल्या की दुसऱ्या आठवड्यात सगळ्याच सुटतात. निवडलेली गोष्ट 'जेव्हा-तेव्हा' अशा वाक्यात बसवा: 'जेव्हा कुणी अडचण घेऊन येईल, तेव्हा उत्तर देण्याआधी मी विचारेन, "आत्तापर्यंत काय करून पाहिलंस?" आणि बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबेन.' यात खरी परीक्षा त्या थांबण्याची असते. चार-पाच सेकंदांची शांतता जड वाटते आणि आपण उत्तर देऊन मोकळे होतो. ओठ मिटून त्या शांततेतून जायचं. समोरचा अगदी नवखा असेल तर मात्र हा प्रश्न त्याला उलटतपासणीसारखा वाटतो. त्याला आधी पहिल्या दोन पायऱ्या स्वतः करून दाखवा, मग विचारा.

सहा आठवडे हे एकच करा. दिवस संपताना दोन आकडे टिपा, संधी किती आल्या आणि किती वेळा जमलं. सुरुवातीला दहापैकी दोन-तीनदाच जमलं तरी घाबरू नका. आठवड्याच्या शेवटी पंधरा मिनिटं काढून सुटलेल्या वेळा तपासा. बहुधा त्या ठरावीक तासाला किंवा ठरावीक माणसापाशीच सुटलेल्या दिसतात. मुदत जवळ आल्यावर सुटत असेल तर त्या माणसाशी बोलण्याची वेळ सकाळी घ्या. नुसता निश्चय पक्का करून इथे काही होत नाही.

स्वतःचे आकडे आपण नकळत फुगवतो. म्हणून हाताखालच्या एकाला आणि बरोबरीच्या एकाला आधीच सांगून ठेवा, 'पुढच्या दोन बैठकांत मी कुणाचं बोलणं तोडतो का, एवढंच बघ.' 'मी कसा वागतो?' असं विचाराल तर 'छान' एवढंच ऐकायला मिळेल. आलेलं उत्तर लिहून घ्या, आभार माना, खुलासा देऊ नका. एकदा खुलासा दिलात की पुढच्या वेळी खरं कुणी सांगणार नाही.

सहा आठवड्यांनी दहापैकी सात वेळा जमत असेल तर पुढची वागणूक घ्या. निम्म्याहून कमी असेल तर तीच ठेवा, पण फक्त एका साप्ताहिक बैठकीपुरती. आकडा चढला, तरीही लोक बारीकसारीक निर्णयासाठी तुमच्याकडेच येत असतील, तर निवड चुकली आहे. पुन्हा ती पानं काढा आणि ज्यांच्या गैरहजेरीत काम सुरळीत चालायचं त्यांचं पान आधी वाचा.