हेवी ऑइलच्या विहिरीतला स्लॉटेड लायनर कॉलेजच्या लॅबमध्ये कसा टेस्ट करायचा

सोलापुरात बसून हेवी ऑइलवर, म्हणजे जमिनीखालच्या घट्ट तेलावर, प्रोजेक्ट होतो का, तर होतो की, आणि त्यातला सँड स्क्रीनचा, म्हणजे विहिरीत वाळू अडवणाऱ्या गाळणीचा भाग तर सिव्हिलच्या सॉइल लॅबमधल्या सामानावर बराचसा निघतो. तेल इथं नाहीच, ते गुजरातेत मेहसाण्याच्या बलोल-संथालला नाहीतर कॅनडात अल्बर्टाला. अल्बर्टात जमिनीत वाफ सोडून तेल पातळ करतात, पण ते ज्या थरात आहे तो थर म्हणजे जवळजवळ सुटी वाळूच, त्यामुळे तेलाबरोबर वाळूपण यायला लागते आणि ती अडवायला विहिरीत बारीक चिरा पाडलेला पाइप टाकतात, तोच स्लॉटेड लायनर.

एक गोष्ट आधीच सांगतो, वाळू अडली म्हणजे स्क्रीन पास असं धरून चालू नका. चीर बारीक केली की वाळू अडते पण मातीचे बारीक कण, म्हणजे फाइन्स, तिथंच तुंबतात आणि तेलाची वाट बंद होते. म्हणून दोन आकडे लागतात, किती वाळू खाली आली आणि स्क्रीनजवळची पर्मिएबिलिटी, म्हणजे पाणी-तेल झिरपू देण्याची ताकद, किती उरली. आणि वाळू भरताना घाई केली तर दोन्ही आकडे कचरा.

वाळू कुठली? भीमा-सीनेची नको. त्यात बेसॉल्टचे तुकडे असतात, ते जड, शिवाय त्यातली काळी माती फुगते. अल्बर्टाची वाळू मुख्यतः क्वार्ट्झ, त्यात केओलिनाइट-इलाइटसारखी क्ले, म्हणजे चिकणमाती. तर फाउंड्रीला जाते ती सिलिका वाळू घ्या, कणकवलीकडची मिळते, आणि त्यात चायना क्ले वजन करून मिसळा. चाळणी लावून ग्रेन साइझचा कर्व्ह काढा. इथं सिव्हिलची पोरं हमखास घसरतात: आपल्याकडे डी-१० म्हणजे ज्याच्यापेक्षा १० टक्के माल बारीक आहे तो साइझ, आणि सँड कंट्रोलवाले धरतात ज्याच्यापेक्षा १० टक्के माल जाड आहे तो. १९३७ साली कोबर्ली नावाच्या इंजिनिअरने स्लॉट डी-१० च्या दुपटीपर्यंत चालतो असं दाखवलं, तो हा जाडवाला डी-१०, उलटा धरलात तर स्लॉट भलताच बारीक येईल. दाण्यापेक्षा चीर मोठी असून वाळू थांबते कशी, तर ज्वारीच्या पोत्याला भोक पडल्यावर थोडी सांडते आणि मग दाणे एकमेकांत अडकून कमान धरतात, तसंच.

कूपन म्हणजे स्क्रीनचा नमुना, १० सेंमी व्यासाची स्टीलची चकती. एमआयडीसीत वायरकटवाल्याकडे द्या, ०.२५ मिमीच्या वायरने साधारण ०.३ मिमीची चीर पडते, ०.४ आणि ०.५ च्याही वेगळ्या चकत्या करून घ्या. ५ सेंमी लांबीचे दहा स्लॉट पाडले की ०.३ वाल्या चकतीत उघडा भाग २ टक्क्यांच्या आसपास येतो, खऱ्या लायनरलाही असाच एक ते तीन टक्के असतो. वायर ओवायला जे स्टार्ट होल पाडतात ते एम-सीलने बुजवा बरं का, नाहीतर सगळी वाळू तिथूनच जाणार आणि तुम्ही स्लॉटला दोष देत बसाल.

आता पॅकिंग. चकती ॲक्रिलिकच्या नळकांड्याच्या बुडाशी बसवा, खाली वाळू साठायला भांडं. नळकांड्याच्या आतून ग्रीसचा पातळ हात फिरवून त्यावर थोडी वाळू भुरभुरा म्हणजे पाणी कडेकडेने पळणार नाही. वाळू कोरडी ओतायची नाही, कोरडी ओतली की जाड-बारीक वेगळं होतं. १० टक्के पाणी मिसळून दोन-दोन सेंमीचे थर ठोका. हिशोब असा, थराचं घनफळ १५७ घनसेंमी, पोरोसिटी, म्हणजे दाण्यांमधली रिकामी जागा, ३५ टक्के हवी तर कोरडा माल २७० ग्रॅम, म्हणजे ओला २९७ ग्रॅम, तेवढाच दोन सेंमीत बसला पाहिजे, प्रत्येक थराला, कंटाळा आला तरी. वरून सच्छिद्र चकती आणि वजन ठेवा.

मग खालून वर कार्बन डायऑक्साइड सोडा (सोडावाल्याकडे सिलिंडर मिळतो, खिडक्या उघड्या ठेवा), तो हवेला ढकलतो आणि नंतर पाण्यात विरघळतो. त्यामागे उकळून गार केलेलं पाणी, तेही खालूनच, हळूहळू. बोअरचं पाणी अजिबात नको, त्यातलं कॅल्शियम क्लेला धरून ठेवतं आणि फाइन्स सुटतच नाहीत, रिझल्ट छान दिसतो पण खोटा असतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये लॅबचं सोडियम क्लोराइड मोजून टाका.

आता फ्लो वरून खाली. तळापासून ५ सेंमीवर एक पोर्ट आणि चकतीच्या खाली एक, मध्ये पाण्याचा मॅनोमीटर, म्हणजे दाबाचा फरक दाखवणारी नळी. पॅक २ डार्सीचा (डार्सी हे पर्मिएबिलिटीचं माप) असेल तर मिनिटाला १०० मिलीला या ५ सेंमीत साधारण ५५ सेंमी पाण्याइतका फरक दिसतो, म्हणजे महागडा सेन्सर लागतच नाही. पण पाण्याचं तापमान लिहा! २० अंशाला व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, १ सेंटिपॉइज, ४० ला ०.६५, आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. ते न धरता डार्सीचं सूत्र लावलं तर पर्मिएबिलिटी दीडपट येते.

फ्लो टप्प्याटप्प्याने वाढवा, मॅनोमीटर स्थिर होईपर्यंत थांबा, खाली आलेली वाळू वाळवून तोला. मग फ्लो तोच ठेवून मीठ कमी करत जा, कारण वाफेचं पाणी होतं ते जवळजवळ गोडंच असतं आणि गोड्या पाण्यात क्ले सुटते. खालचं पाणी गढूळ झालं आणि फरक वाढला की समजा प्लगिंग, म्हणजे तुंबणं, सुरू. शेवटी पातळ मिनरल ऑइल (गरम बिटुमेनच्या, म्हणजे अल्बर्टाच्या घट्ट तेलाच्या जागी) आणि कॉम्प्रेसरची हवा, हवा घुसताना वाळू एकदम येऊ शकते, तेव्हा भांड्याकडे लक्ष ठेवा.

खाली आलेल्या वाळूची मर्यादा ०.१२ ते ०.१५ पाउंड प्रति चौरस फूट धरतात, आपल्या चकतीला ते साधारण ४.६ ते ५.८ ग्रॅम होतं. पर्मिएबिलिटी सुरुवातीच्या निम्म्याखाली गेली तर स्लॉट नापास, वाळूचा कणही आला नसला तरी. मग पॅक थराथराने काढून धुऊन बघा फाइन्स कुठं जमलेत, तळाच्या दोन सेंमीत जास्त असतील तर आकडा आणि माल एकच सांगतायत.

तिन्ही चकत्या झाल्या की ०.३ वाली नवीन वाळूवर परत लावा. दोन्ही वेळचे आकडे लांब पडले तर तुमचा हात बदललाय, आधी पॅकिंग सुधारा, स्लॉटची तुलना नंतर.