अमेरिकेत प्री-फार्मसी: गणिताची सुरुवात कोठून करावी

बडोद्यात औषधनिर्मितीचा धंदा जुना असल्याने फार्मसीकडे वळणारी मुले येथे नवी नाहीत. दांडिया बाजार-रावपुऱ्यातील मराठी घरांतून एखादा विद्यार्थी बारावीनंतर थेट अमेरिकेत प्री-फार्मसीला, म्हणजे फार्म.डी. या फार्मसीच्या पदवीआधीच्या तयारीच्या अभ्यासक्रमाला, जातो, तेव्हा नावनोंदणीच्या वेळी त्याला गणितात कॉलेज अल्जिब्रा, प्रीकॅल्क्युलस आणि कॅल्क्युलस १ या चढत्या पायऱ्यांपैकी एक विषय निवडावा लागतो. ही निवड घाईत करू नये.

प्रथम शेवटाकडून मागे यावे. चार वर्षांच्या फार्म.डी. अभ्यासक्रमाला प्रवेश देताना तेथील अनेक महाविद्यालये एका सत्राचे कॅल्क्युलस आणि एका सत्राचे संख्याशास्त्र मागतात. काहींना प्रीकॅल्क्युलसही चालते. म्हणून ज्या तीन-चार महाविद्यालयांत पुढे अर्ज करायचा आहे, त्यांच्या अटी आधी वाचाव्यात. बिझनेस कॅल्क्युलस हा सोपा पर्याय दिसला, तर तो चालेल का, हे संबंधित प्रवेश कार्यालयाला ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावे.

यानंतर स्वतःची तयारी पाहावी. गुजरात बोर्डाच्या ‘ए’ (गणित) ग्रुपमधून आलेल्या विद्यार्थ्याने बारावीत अवकलन आणि समाकलन, म्हणजे कॅल्क्युलसच, केलेले असते, त्यामुळे त्याने सहसा कॅल्क्युलस १ पासूनच आरंभ करावा. हमखास ‘ए’ श्रेणी मिळेल म्हणून खालच्या वर्गात बसणे म्हणजे पैसे आणि सत्र दोन्ही वाया घालवणे होय. खरी अडचण ‘बी’ (जीवशास्त्र) ग्रुपची आहे. या विद्यार्थ्याचे गणित दहावीनंतर सुटलेले असते आणि लॉग त्याला भेटतो तो रसायनशास्त्रातील पीएच काढताना, लॉगटेबलच्या आधाराने. लॉग पाहता येणे आणि लॉग समजणे यांत फरक आहे, हे तेथे पहिल्या चाचणीतच उघडे पडते.

हा फरक घरीच तपासता येतो. शरीरात ५०० मिलिग्रॅम औषध आहे आणि त्याचे अर्धआयुष्य, म्हणजे ते निम्मे होण्यास लागणारा वेळ, ४ तासांचे आहे, असे माना. १२ तासांनी किती उरेल? तीनदा निम्मे केले की ६२.५ मिलिग्रॅम हे उत्तर तोंडी येते. परंतु ५ तासांनी किती उरेल, असे विचारताच ही युक्ती संपते. तेथे १/२ चा ५/४ वा घात काढावा लागतो आणि उत्तर सुमारे २१० मिलिग्रॅम येते. ५०० चे १०० मिलिग्रॅम होण्यास किती वेळ लागेल, हा प्रश्न तर लॉग घेतल्याशिवाय सुटतच नाही. उत्तर आहे सुमारे ९ तास १७ मिनिटे. दुसऱ्या प्रश्नापाशी अडणाऱ्याने कॉलेज अल्जिब्रा घ्यावे. तिन्ही सुटले, पण त्रिकोणमिती आणि फलने कच्ची असली, तर प्रीकॅल्क्युलस योग्य ठरते. औषध ज्या वेगाने घटते तो वेग उरलेल्या औषधाच्या प्रमाणात असतो, आणि अशा गोष्टींसाठी पुढे कॅल्क्युलस लागते, हेही यातून लक्षात येईल.

अनेक विद्यापीठे अ‍ॅलेक्स ही गणिताची ऑनलाइन चाचणी घेऊन वर्ग ठरवतात. ती घरून देण्याची मुभा असली, तरी क्लासच्या सरांना शेजारी बसवून गुण वाढवू नयेत. तसे मिळालेले कॅल्क्युलस पहिल्याच सत्रात अंगावर येते, आणि फार्मसीच्या सामायिक अर्जप्रणालीत, म्हणजे फार्मकॅसमध्ये, विषय पुन्हा उत्तीर्ण केला तरी आधीची श्रेणी सरासरीत धरली जाते.

जनरल केमिस्ट्रीकडेही लक्ष असावे. पुष्कळ ठिकाणी तिला बसण्यासाठी कॉलेज अल्जिब्राची अट असते. त्यामुळे गणित एक सत्र लांबले की रसायनशास्त्राची सगळी साखळी लांबते. संख्याशास्त्राला मात्र कॅल्क्युलस सहसा लागत नाही, ते सवडीने घेता येते.

वर्ग जड वाटला तर तो बदलण्याची मुदत सत्राच्या आरंभीच संपते. त्यानंतर विषय सोडल्यास गुणपत्रकावर ‘डब्ल्यू’ लागतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील पदवीपूर्व विद्यार्थ्याला सत्रात साधारणपणे किमान १२ क्रेडिट राखावे लागतात. म्हणून विषय सोडण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी घ्यावी.