खाडीवरचा परिसर अभ्यासाचा तास: शिक्षकांसाठी पूर्वतयारी

कोकणातल्या अनेक शाळांपासून खाडी पायी जाण्याच्या अंतरावर असते, तरी परिसर अभ्यासाचा पाठ वर्गातच संपतो. तो खाडीवर घ्यायचा असेल तर सर्वांत आधी वेळ ठरवावी लागते, आणि ती शाळेच्या घंटेवर नव्हे तर ओहोटीवर ठरते. पहिल्या खेपेस मी मुलांना पौर्णिमेच्या दिवशी अकरा वाजता नेले, तेव्हा पाणी तिवरांच्या, म्हणजे चिखलात वाढणाऱ्या खारफुटीच्या झाडांच्या, फांद्यांना टेकले होते आणि जी मुळे दाखवायची होती त्यांतले एकही दिसले नाही. एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी तिथेच काठावर हिशेब शिकवला: पक्षातल्या तिथीला तिनाने गुणून चाराने भागावे, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, आणि तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी.

या हिशेबाने चतुर्थीला भरती 3 वाजता, म्हणजे सकाळी 9 च्या सुमारास पाणी पूर्ण सुकते. अष्टमीची दुपारी 12 ची ओहोटी सोयीची वाटते, पण भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, त्या दिवसांत पाणी फारसे मागे हटत नाही. म्हणून सकाळच्या शाळेचा, तृतीया किंवा चतुर्थीला येणारा एखादा शनिवार निवडावा. पावसाळा मात्र टाळावा. हिशेब ढोबळ आहे, खाडीच्या आत पाणी उशिरा पोहोचते, तेव्हा गावातल्या मच्छीमारांकडून वेळेची खात्री करून घ्यावी आणि आदल्या पंधरवड्यात त्याच तिथीला स्वतः एकदा जाऊन यावे. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पोहोचावे आणि पाणी फिरताच मुलांना बाहेर काढावे.

मुख्याध्यापकांची व पालकांची लेखी परवानगी घ्यावी. पर्यावरण हा विषय शाळांत सक्तीने शिकवला जावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच सांगितले आहे. परवानगी मागताना ते जरूर लक्षात आणून द्यावे. पाच-सहा मुलांमागे एक मोठे माणूस हवे. चपला चिखलात रुततात आणि अनवाणी पाय कालवांच्या शिंपल्यांच्या कडांनी कापतात, म्हणून जुने कॅनव्हासचे बूटच घालायला सांगावे.

खाडीवर पोहोचल्यावर लगेच माहिती सांगू नये. प्रत्येक गटाला चार काठ्या आणि सुतळी देऊन तिवराच्या झाडाजवळ एक मीटर लांबी-रुंदीचा चौकोन आखायला लावावा, आणि त्यात चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळे व खेकड्यांची बिळे मोजून वहीत लिहून घ्यावीत. मोजून झाले की तिवराच्या पानाची मागची बाजू जिभेच्या टोकाला लावून पाहू द्यावी. ती खारट लागते, कारण हे झाड मुळांवाटे आलेले मीठ पानांतून बाहेर टाकते. मुळे वर का येतात, हे मग मुलांनाच विचारावे. चिखलात हवा जवळजवळ नसते आणि मुळांवरच्या बारीक छिद्रांतून झाड श्वास घेते, हे कळले की प्लास्टिकची पिशवी त्या मुळांवर गुंडाळली गेल्यावर काय होत असेल, ते वेगळे सांगावे लागत नाही. शेजारी कांदळ हे खारफुटीचे दुसरे झाड असेल तर झाडावरच रुजून लोंबणाऱ्या शेंगा दाखवाव्यात. तोडू मात्र देऊ नयेत.

कालवे काढणाऱ्या बायकांपैकी कोणी अर्धा तास देऊ शकत असेल तर त्यांना आधीच विनंती करावी, आणि त्या बोलत असताना आपण मध्ये बोलू नये. कोणत्या महिन्यात काय मिळते आणि पूर्वी कुठे मिळत असे, हे त्यांच्याइतके नेमके मला कोणीही सांगितलेले नाही.

शिक्षकाने हे सारे एकट्याने पेलण्याचे कारण नाही. वन विभागाच्या, 2012 मध्ये स्थापन झालेल्या कांदळवन कक्षाकडे झाडे ओळखण्यासाठी मार्गदर्शन मागावे; राज्याचा कांदळवृक्ष ठरलेली पांढरी चिप्पी आपल्या खाडीत आहे का, हा पहिला प्रश्न चांगला. शाळेत राष्ट्रीय हरित सेनेचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या पर्यावरण मंडळाचा, गट असेल तर हा उपक्रम त्यातच बसवावा. मंडणगड तालुक्यातले वेळास जवळ असेल, तर समुद्री कासवांची घरटी राखणाऱ्या तिथल्या ग्रामस्थांची भेट पुढच्या सत्रासाठी ठेवावी.

चौकोनाची जागा कायमच्या खुणेवरून मापून लिहून ठेवावी आणि दर सत्रात तिथेच पुन्हा मोजणी करावी. आपली बदली होते, खाडी तिथेच राहते. म्हणून नोंदींची वही घरी न नेता शाळेच्या कपाटात ठेवावी आणि पहिल्या पानावर पुढच्या शिक्षकासाठी तिथीचा हिशेब लिहावा.