रोलर डर्बी: रेषेच्या कडेने निसटण्यासाठी पायांचा सराव

रोलर डर्बी या चाकांच्या स्केट्सवरच्या खेळात जॅमर, म्हणजे गुण मिळवणारी खेळाडू, ब्लॉकरच्या (तिला अडवणाऱ्या प्रतिस्पर्धी खेळाडूंच्या) भिंतीतून निसटते ती वेगामुळे कमी, एका पायावरचं वजन दुसऱ्यावर झटकन नेता आल्यामुळे जास्त. ट्रॅकच्या कडेची रेषा आणि ब्लॉकरचा खांदा यांच्यामध्ये वीतभरच जागा असते. तिथे दोन्ही पायांवर सारखं वजन ठेवलंत तर कुठलाच पाय पटकन उचलत नाही आणि पहिल्याच धक्क्याला तुम्ही बाहेर जाता. परत येताना, जे तुमच्या पुढे होते त्यांच्या पुढून आत शिरलात तर ट्रॅक कापल्याची पेनल्टी, म्हणजे ३० सेकंद बॉक्समध्ये, ट्रॅकबाहेर शिक्षेसाठी बसायच्या जागी.

आधी स्केट्स बघा. ट्रकचं (बुटाखालच्या, चाकांचा आस धरणाऱ्या भागाचं) नट फार आवळलेलं असेल तर चाकं कडेवर झुकतच नाहीत. एका वेळी पाव फेराच सैल करा, दोन्ही स्केट्सना सारखंच. वेगात पाय थरथरू लागला तर तेवढंच परत आवळा. टो-स्टॉप (बुटाच्या टोकाखालचा रबरी ब्रेक) घट्ट आहे ना, हे प्रत्येक सरावाआधी हाताने तपासा.

मग कडा, म्हणजे चाकांच्या आतल्या-बाहेरच्या कडेवर झुकून वळणं. प्लास्टिकचे ८ पेले दीड-दीड मीटरवर एका ओळीत ठेवा आणि एकाच पायावर नागमोडी जा. गुडघा बोटांच्या पुढे झुकलेला, छाती वर, नजर समोर. उजवा आणि डावा, प्रत्येकी ५ फेऱ्या. कच्च्या पायाला २ जास्त. इथे बहुतेकांचं वजन टाचेवर जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि वळण हुकतं. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली जाणवली, की वजन जागेवर आहे असं समजा.

टो-स्टॉपवरची धाव हा खरा कस. रेषेला समांतर, आडवी, लहान लहान पावलं: २० सेकंद धाव, ४० सेकंद विश्रांती, असं ६ वेळा. पाऊल खांद्याच्या रुंदीपेक्षा मोठं टाकू नका. लांब पावलात वजन मध्येच अडकतं आणि ब्लॉकर नेमकी तेव्हाच धडकते. डोकं एकाच उंचीवर राहू द्या. ते वरखाली होत असेल तर तुम्ही गुडघे ताठ करताय.

हे जमल्यावरच धाव संपताना अर्धी गिरकी घेऊन चाकांवर उतरा. आधी मान, मग खांदे, शेवटी पाय. पाय आधी फिरवले तर कंबर मागे राहते आणि तुम्ही पाठीवर पडता.

पोटऱ्या थरथरू लागल्या की थांबा. त्यापुढे गुडघे ताठच होतात, आणि पायांना तीच सवय लागते.