हाफ सेलच्या सपाट रेषेवर भुलू नका

बॅटरी मटेरियल्समध्ये पीएच.डी. करायला येणारे आधी विषय विचारतात: सॉलिड-स्टेट घेऊ की सोडियम-आयन? विषय नंतर बघा. जिथे फुल सेल, म्हणजे ॲनोड (ऋण टोक) आणि कॅथोड (धन टोक) दोन्ही खरे असलेला सेल, बनवायची सोय आणि सवय दोन्ही आहे, अशी लॅब आधी धरा.

हे इतक्या हट्टाने सांगतोय, कारण माझा बराच काळ याच खड्ड्यात गेला. नवं ॲनोड मटेरियल तयार झालं की आपण ते सीआर२०३२ या बटणाएवढ्या कॉइन सेलमध्ये बसवतो, समोर कॅथोडऐवजी लिथियमची फॉइल ठेवतो आणि सेल सायकलिंगला, म्हणजे पुन्हापुन्हा चार्ज-डिस्चार्ज करायला लावतो. हाच हाफ सेल. शेकडो सायकलींनंतरही क्षमतेची रेषा सपाट, गाईड खूश. पण त्या फॉइलमध्ये लिथियम गरजेच्या कितीतरी पट असतं. तुमचं मटेरियल दर सायकलला थोडं लिथियम एसईआय थरात (इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सेलमधला द्रव, विघटित होऊन पृष्ठभागावर बसणारी साय) अडकवून टाकतं आणि फॉइल ती तूट मुकाट्याने भरून काढते. दर महिन्याला वडील गल्ल्यात पैसे टाकत असतील तर कुठलंही दुकान नफ्यात दिसेल, तसंच हे.

फुल सेलमध्ये लिथियम कॅथोडमधून येतं तेवढंच. आता हिशेब करा. कुलॉम्बिक कार्यक्षमता, म्हणजे एका सायकलमध्ये भरलेल्या चार्जपैकी परत मिळणारा वाटा, ९९.९ टक्के म्हणजे ऐकायला झकास. पण ०.९९९ चा हजारावा घात काढला की हजार सायकलींनंतर सुमारे ३७ टक्के क्षमता उरते. ९९.९९ टक्के असेल तर ९० टक्के. सगळा खेळ दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या आकड्याचा, आणि साध्या सायकलरला (सेल चार्ज-डिस्चार्ज करणाऱ्या यंत्राला) तो आकडा विश्वासाने मोजताही येत नाही. कॅनडात बॅटरी संशोधक जेफ डान यांच्या गटाने त्यासाठी अतिअचूक चार्जर मुद्दाम बांधले, ते उगाच नाही. त्यात लॅबमध्ये आपण देतो ते मटेरियलचे लेप पातळ, चौरस सेंटिमीटरला एक-दोन मिलिग्रॅम. बाजारातल्या सेलमध्ये ते प्रमाण दहाच्या पुढे. वर इलेक्ट्रोलाइट सढळ हाताने ओतलेलं. म्हणजे लिथियम, जागा, द्रव, सगळ्याचीच चंगळ.

औषधांकडे वळणाऱ्यांनो, तुमचीही सुटका नाही. डिशमधल्या कर्करोगाच्या पेशींवर औषध थेट ओतलं जातं. मध्ये यकृत नाही, रक्तातली प्रथिनं नाहीत, गाठीपर्यंतची वाट नाही. पेशी मेल्या म्हणून लगेच उपचार सापडला असं होत नाही. एमआरएनए हा पेशीला प्रथिन बनवायचा निरोप देणारा रेणू. त्याच्या घटकांत, म्हणजे न्यूक्लिओसाइडमध्ये, बदल केला की त्याच्याविरुद्ध शरीरात उठणारा दाह शांत होतो हे कारिको आणि वाइसमन या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं. तरी लस व्हायला तो रेणू पेशीत पोचवणारे लिपिड नॅनोकण (स्निग्ध पदार्थाचे अतिसूक्ष्म कण) लागलेच. नोबेल आलं २०२३ ला. त्याच वर्षी ब्रिटनने सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या कॅसजेव्ही या क्रिस्पर (जनुक-संपादन) उपचाराला मान्यता दिली. त्यात पोचवण्याचा प्रश्न चक्क बगल देऊन सोडवलाय: मूळपेशी शरीराबाहेर काढायच्या, तिथेच संपादित करायच्या आणि परत सोडायच्या. अर्थात त्याआधी केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, ते बातमीच्या मथळ्यात येत नाही.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडू आहे. जुन्याच मटेरियलमध्ये ग्राफीन (कार्बनचे अतिपातळ पापुद्रे) घालून पेपर काढायची युक्ती कुणी सुचवली तर हसून विषय बदला. मोठ्या नावाच्या गाईडपेक्षा तुमची कच्ची डेटा फाइल उघडून बघणारा सीनियर शंभर पटीने बरा.

पहिला फुल सेल पडला म्हणून मात्र हातपाय गाळू नका, तो पडतोच. पहिल्याच सायकलला मोठी घट आली तर लिथियम एसईआय बनण्यात गेलंय. प्री-लिथिएशन करून, म्हणजे ॲनोडमध्ये आधीच थोडं जादा लिथियम भरून बघा. घट हळूहळू येत असेल आणि मटेरियल सिलिकॉनचं असेल, तर इलेक्ट्रोलाइटमध्ये थोडं फ्लुओरोइथिलीन कार्बोनेट घालून सेल पुन्हा लावा. मेलेला सेल ग्लोव्ह बॉक्समध्येच (हवा आणि ओलावा नसलेल्या बंद पेटीत) उघडा, बाहेर नाही.

लॅब बघायला जाल तेव्हा गाईड खोलीत नसताना सीनियरला विचारा: पेपरमधल्या आलेखातला सेल एकच होता, की तसे चार-पाच लावले होते? बाकीच्यांच्या फाइल्स त्याने लगेच उघडून दाखवल्या तर अर्ज भरा.