फलाटावरची वशीकरणी पोर: एकांकिका लिहायची आणि बसवायची कशी

घरातून पळालेली पोर आणि तिच्या जिभेवर वशीकरण. एकांकिका स्पर्धांचा हंगाम जवळ आला की हा विषय कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या ग्रुपकडून माझ्याकडे येतोच. मी नाशिक-नगर पट्ट्यातल्या मुलांबरोबर एकांकिका बसवते, त्यामुळे संहितेचं पहिलं पान उघडायच्या आधीच आत काय असेल ते मला माहीत असतं. हिरवा प्रकाश, मागे तानपुरा, पोरीचे डोळे मोठे होतात आणि समोरचा माणूस झोपेत चालल्यासारखा चालू लागतो. हे सगळं काढून टाका. विषय मात्र सोडू नका, फार ताकदीचा आहे. फक्त नजर पोरीवरून हलवून वश झालेल्या माणसावर न्या. तिच्या शक्तीची किंमत तो भरतो, आणि एकांकिका त्याच्याकडेच असते.

मी नेहमी वापरते ते उदाहरण घेऊनच सांगते.

जागा आधी पक्की करा. 'एक रेल्वे स्टेशन' असं लिहू नका, स्टेशनला नाव द्या. माझी पोर मनमाडला उतरते. नांदेड, परभणी, जालन्याकडून येणारी लाईन इथं मुंबई-भुसावळ मार्गाला मिळते, दौंडकडूनही गाड्या येतात. इथून मुंबई, पुणे, दिल्ली, कुठंही जाता येतं, म्हणून निर्णय न झालेलं माणूस इथं फलाटावर बसून राहू शकतं. पळून आलेल्या पोरीला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही. नेपथ्याला एक बाक, पाण्याचा नळ, वडापावची गाडी. बाकी काही नको.

पोरीचं नाव पायल, वय १६, जालन्याजवळच्या गावातली. ती का पळाली? इथं सगळे ग्रुप सावत्र आई आणि दारुडा बाप एकदम आणतात. फलाटावरच्या मुलांसाठी काम करणाऱ्यांबरोबर मी बराच वेळ बसले आहे. मुलं कारण विचारलं की आधी खोटं सांगतात, मग अगदी बारीक काहीतरी सांगतात: नापास झालो, मोबाईल फुटला, सगळ्यांसमोर मारलं. मोठं कारण त्या बारकाव्याच्या मागं असतं आणि ते सहसा बोललं जात नाही. पायलला दहावीला ७८ टक्के पडले. तिला जालन्याला सायन्सला जायचं होतं. घरात तिला कुणी 'नाही' म्हटलं नाही. सगळे 'बघू' म्हणाले. जून गेला, जुलै गेला, प्रवेश संपले. एवढं पुरे.

बंडखोरी दाखवायला सिगारेट आणि फाटकी जीन्स नको. तिला कुणी 'बस बाळ' म्हटलं की ती उभी राहते. उभी राहा म्हटलं की बसते. कुणी 'बघू' म्हटलं की तिचा जबडा आवळतो. हे अभिनेत्रीला पहिल्या वाचनालाच सांगून ठेवा.

शक्तीला नियम हवा

तंत्रमार्गात शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन, मारण अशी षट्कर्मं सांगतात. पोरं इंटरनेटवरून त्यातला एखादा मंत्र उचलून आणतात आणि रंगमंचावर घुमवतात. नको. शक्ती कुठून आली हेही सांगू नका. प्रेक्षक ते दोन मिनिटांत मान्य करतो. तो विचारतो ते एवढंच: ही चालते कशी, आणि कुठं चालत नाही?

माझ्याकडे दोन नियम आहेत. पहिला: पायल कधीही 'द्या', 'करा', 'ऐका' म्हणत नाही. ती झालेली गोष्ट सांगितल्यासारखं बोलते. टीसी समोर आला की ती म्हणते, "काका, मव्हं तिकीट तुम्ही आत्ताच बघितलं की." तेवढंच. आवाज चढत नाही, डोळे रोखले जात नाहीत. टीसीच्या दृष्टीनं ते घडून गेलेलं असतं. हुकूम दिला तर प्रेक्षकाला दादागिरी दिसते, घडून गेलेली गोष्ट सांगितली तर अंगावर काटा येतो. संवाद लिहून झाल्यावर पायलच्या प्रत्येक वाक्याखाली पेन्सिल फिरवा. वशीकरणाच्या जागी एकही आज्ञार्थ उरता कामा नये.

दुसरा नियम: तिला स्वतःला जेवढं ठाऊक आहे तेवढंच ती दुसऱ्याच्या डोक्यात घालू शकते. सुरुवातीला हा नियम बिनकामाचा वाटतो. पुढं सगळी एकांकिका त्याच्यावर उभी राहते.

वश होण्याची तालीम

ही तालीम पायलशिवाय घ्या. वडापाववाल्याचं काम करणाऱ्या नटाला गाडीमागं उभं करा आणि त्याला फक्त हात शिकवा. पाव उघडायचा, आत चटणी फिरवायची, वडा ठेवून अंगठ्यानं हलकेच दाबायचा, कागद, वर तळलेली मिरची, एका हातानं पुढं, दुसऱ्या हातानं पैसे. हे त्याला न बघता जमलं पाहिजे. खराखुरा वडापाववाला गाडीकडे बघतच नाही, तो गिऱ्हाइकांच्या मागच्या गर्दीकडे बघत असतो.

मग वाक्य येतं: "दादा, पैसे दिले ना मी."

बहुतेक नट इथं थांबतात, डोळे तारवटतात, मान वाकडी करतात. त्यांना सांगा, हात थांबता कामा नये. लय तीच ठेवायची. पैसे घ्यायला पुढं आलेला हात गल्ल्याकडे जातो, रिकामी मूठ गल्ल्यात उघडतो, झाकण लावतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. बस. रिकामी मूठ प्रेक्षकाला दिसली पाहिजे, म्हणून गल्ला प्रेक्षकाच्या बाजूला ठेवा. प्रकाश बदलायचा नाही, संगीत द्यायचं नाही. हा एक क्षण जमला की बाकी एकांकिकेत तुम्हाला शक्ती 'दाखवावी' लागत नाही. पायलनं तोंड उघडलं की सभागृह आपोआप पुढं सरकून बसतं.

गैरवापर वाढत कसा न्यायचा

इथं घाई करू नका. गैरवापर पहिल्याच प्रवेशात दुष्टपणानं सुरू झाला तर पोर खलनायिका होते आणि विषय संपतो.

टीसीपासून सुरू करा. विनातिकीट सापडलं तर भाड्यावर किमान २५० रुपये दंड. तिच्याकडे शंभराची एक नोट आणि थोडी चिल्लर. प्रेक्षक तिच्या बाजूनं असतो, हसतोही. हसू द्या.

मग वडापाव. पहिला भुकेपोटी. दुसराही भुकेपोटी. तिसरा ती घेते आणि अर्धा टाकून देते. हे टाकणं मोठं करू नका, जाता जाता घडू द्या. खरी मेख रात्री आहे. गाडी बंद करताना वडापाववाला हिशेब करतो. पाव किती आणले, किती उरले, गल्ल्यात किती. तो तीनदा मोजतो. त्याच्या डोक्यात पैसे आलेले आहेत, गल्ल्यात नाहीत. गाडी त्याची नाही, मालकाला हिशेब द्यायचा आहे, कमी पडले ते त्याच्या रोजातून जाणार. पायल बाकावरून हे बघते आहे. तिनं मालकालाही वश केलं असतं, पण मालक फलाटावर येतच नाही. या प्रवेशाला मी पूर्ण चार मिनिटं देते आणि त्यात संवाद जवळजवळ नसतो. ग्रुप म्हणतात, रटाळ होईल. नाही होत. माणूस पैसे मोजत असताना प्रेक्षक दुसरीकडे बघत नाही.

दुसऱ्या दिवशी ती वडापाववाल्यासमोर जात नाही. लाजेनं म्हणा, भीतीनं म्हणा. ती गुरुद्वाऱ्यात जाते. मनमाडचा गुप्तसर साहिब गुरुद्वारा तिथल्या सगळ्यांना माहीत आहे. पायल डोक्यावर ओढणी घेते, पंगतीत बसते आणि सवयीनं म्हणते, "तुम्ही मला वाढलं की आधीच." सेवादार म्हणतो, "और लो बेटा." तिच्या ओंजळीत परशादा, म्हणजे लंगरची पोळी, ठेवतो, वर डाळ, आणि पुढं सरकतो. ती म्हणाली नसती तरी त्यानं हेच केलं असतं. लंगरमध्ये कोण आलं, का आलं हे कुणी विचारत नाही.

आता पायलला कळत नाही की शक्ती चालली की नाही. ती पुन्हा म्हणते, वेगळ्या शब्दांत. तो पुन्हा हसून वाढतो. तिला राग येतो. हा राग अभिनेत्रीला समजावून सांगायला वेळ लागतो, पण तो नीट पकडा. इतके दिवस घरी कुणी ऐकलं नाही, इथं सगळे ऐकतात, आणि आता एक माणूस असा भेटला की त्याला ऐकवण्याची गरजच नाही. पोट भरलेलं असताना ती चिडून बाहेर पडते.

त्या चिडीतच तिला तो पोरगा भेटतो. वय ८-९. रडतोय. "मला घरी जायचंय." सारखं तेच. ती समजावते, दटावते, पाणी देते. तो थांबत नाही. मग ती म्हणते, "तुला घर नाहीये."

तो रडायचा थांबतो.

हे वाक्य क्रूरपणे म्हणू देऊ नका. कंटाळून, थोडं कळवळूनही. त्याचं रडणं थांबावं एवढंच तिला हवं असतं. आणि पोरगा लगेच खुश होतो, नळाशी खेळायला लागतो. तो खुश होतो म्हणूनच अंगावर येतं.

मोठी माणसं कशी लिहायची

फलाटावर आरपीएफची, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाची, महिला कॉन्स्टेबल येते. तिला खलनायिका करू नका, देवीही करू नका. ती कामावर आहे. ती पोराच्या उंचीला खाली बसते, बिस्कीटचा पुडा फोडते आणि गाव न विचारता आजूबाजूचं विचारते. शाळेजवळ काय आहे? देऊळ कुणाचं? एसटीवर काय लिहिलेलं असतं? लहान मुलाचं गाव शोधायची वाट अशीच असते, पत्ता त्यांना सांगता येत नसतो. प्रत्येक प्रश्नाला पोरगा बिस्कीट खात म्हणतो, "मला घर नाहीये."

कायद्याची माहिती चुकवू नका. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार असं मूल २४ तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर हजर करावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. मनमाड नाशिक जिल्ह्यात आहे, म्हणजे समिती नाशिकची. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८. पोलिसानं पोराला हाताला धरून थेट तुरुंगात नेलं असं लिहाल तर ते खोटं तर होईलच, शिवाय प्रेक्षागृहातलं एखादं घाबरलेलं मूल उद्या मदत मागायला कचरेल. ही जबाबदारी मी गंमत म्हणून सांगत नाही.

आता दुसरा नियम बाहेर काढा. पायल पोराजवळ जाऊन म्हणते, "तुला घर आहे." तो मान डोलावतो. "हो, आहे." "कुठंय?" तो तिच्याकडे बघतो. तिला माहीत नाही, म्हणून त्यालाही माहीत नाही. तिनं काढून घेतलं ते तिच्याकडे कधी नव्हतंच.

इथं ग्रुप बाबा आणतात, उलटा मंत्र आणतात. ज्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तिथं रंगमंचावर बाबाच्या हातून उतारा काढून घेऊ नका. आपल्या जुन्या गोष्टींतही इतकं सोपं काम नाही. स्त्रीराज्यात रमलेल्या मच्छिंद्रनाथांना गोरखनाथ आणायला जातात तेव्हा ते मृदंग वाजवतात, आणि त्यातून 'चलो मच्छिंदर, गोरख आया' ऐकू येतं. शिष्य स्वतः तिथवर चालत जातो, हे महत्त्वाचं.

पायललाही चालत जावं लागतं. ती पोराचा शर्ट बघते. शाळेचा गणवेश, गावातल्या शिंप्यानं शिवलेला. कॉलर उलटी केली की आत टेलरची पट्टी, धुऊन धुऊन फिकी झालेली. दुकानाचं नाव पुसलंय, खाली 'लासूर स्टेशन' एवढं वाचता येतं. तिच्याच लाईनवरचं गाव, येताना तिची गाडी तिथूनच आली. ती कॉन्स्टेबलकडे जाते. ही माहिती द्यायची तर स्वतः कोण, कुठली, हेही सांगावं लागणार. आणि ती पहिल्यांदा विनवते: "बाई, जरा ऐकता का?" कॉन्स्टेबल फोनवर आहे. हातानं थांब म्हणते. पायल थांबते.

पोराला शेवटी आठवलं पाहिजे असा प्रत्येक ग्रुपचा हट्ट असतो. मी आठवू देत नाही. लासूरला पोलीस विचारपूस करतील, घर सापडेल, आई येईल, पण त्याला ती नव्यानं ओळखावी लागेल. पायलनं केलेलं नुकसान अर्ध्या तासात भरून काढलं तर सगळा विषय स्वस्त होतो.

राहिलेल्या कामाच्या गोष्टी. लहान पोराचं काम कॉलेजातल्या चणीनं लहान मुलाला किंवा मुलीला द्या, बोबडं बोलू देऊ नका. स्टेशनवरच्या घोषणा मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत रेकॉर्ड करा आणि पैसे मोजण्याच्या प्रवेशात एकच वाजवा, तीही लांबून. पायलची बोली जालन्याचीच ठेवा. अभिनेत्री पुण्याची असेल तर तिकडच्या कुणाशी तरी रोज फोनवर बोलायला लावा, नुसतं 'काहून' आणि 'मव्हं' पेरून बोली येत नाही. आणि संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत पाठवा. तालमी रंगात आल्या की ते कागद हमखास मागं पडतात, आणि प्रमाणपत्राशिवाय प्रयोग अडतो.