दिल्लीत सरकारी इमारती बघायच्यात? मग निदान या चुका करू नका

मी दिल्लीच्या सहली काढतो, आणि दिवाळी सरली की फोन सुरू होतात. "दिल्लीची तिकिटं झालीत, हॉटेलही झालंय. आता राष्ट्रपती भवन आणि संसद तेवढं तुम्ही बघा." तेवढं! ज्यासाठी पोरांना दिल्लीला न्यायचं, ते सगळ्यात शेवटी आणि तेही दुसऱ्याच्या गळ्यात. आधी लगीन कोंडाण्याचं, हे वर्गात शिकवणारे गुरुजीसुद्धा सहल ठरवताना नेमकं उलटं करतात.

कुतुबमिनारला खिडकीवर तिकीट फाडलं की आत जाता येतं. राष्ट्रपती भवन आणि संसदेचं तसं नाही. तिथे प्रवेश माणसाच्या नावावर असतो आणि तो ठरलेल्या तारखेचा, ठरलेल्या वेळेचा असतो. एवढं डोक्यात बसलं तर पुढचं निम्मं वाचायची गरज नाही. पण बसत नाही, हा अनुभव आहे, म्हणून लिहितो.

सोमवारी दिल्ली दाखवायला काढणं

रविवारी रात्री उतरायचं, सोमवारी सकाळी ताजंतवानं होऊन बाहेर पडायचं, असा बेत बहुतेकांचा असतो. आणि सोमवारी राष्ट्रपती भवन बंद, लाल किल्ला बंद, राष्ट्रीय संग्रहालय बंद, तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय बंद, कमळ मंदिर बंद, अक्षरधामही बंद. सहलीचा पहिला दिवस बसच्या काचेतून कुलपं बघण्यात जातो.

सोमवार मी सरळ आग्र्याला देतो. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, सोमवारी उघडा. आग्रा नको असेल तर कुतुबमिनार, हुमायूनची कबर आणि इंडिया गेट यांत दिवस निघतो. एवढी सोपी गोष्ट मला दर हंगामात नव्याने सांगावी लागते.

"खासदारसाहेबांच्या पीएला सांगून ठेवलंय"

हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

संसदेच्या प्रेक्षक गॅलरीचा पास खासदाराच्या शिफारशीवर मिळतो, हे खरं. पण शिफारस म्हणजे फोनवरचं "या हो, करून देऊ" नव्हे. रीतसर अर्ज लागतो, प्रत्येकाची माहिती लागते, आणि या माणसाला मी ओळखतो अशी हमी खासदाराला सहीनिशी द्यावी लागते. १३ डिसेंबर २०२३ ला दोन तरुणांनी गॅलरीतून थेट लोकसभेच्या सभागृहात उडी मारून रंगीत धूर सोडला. तेही एका खासदाराच्या शिफारशीच्या पासवरच आत गेले होते. त्यानंतर पास तातडीने बंद झाले आणि पुढे तपासणी कडक झाली. अशा दिवसांत ओळखपाळख नसलेल्या चाळीस मुलांसाठी कुठला खासदार आदल्या रात्री सही करील?

तालुक्याच्या गावातल्या एका शाळेची गोष्ट सांगतो. मुख्याध्यापक उत्साही, माणूस भला. संस्थेच्या एका संचालकाची खासदारांच्या कार्यालयात ओळख होती, त्यामुळे पासचं काम "आपलंच" होतं. नाताळच्या सुट्टीत हिवाळी अधिवेशन चालू असतं, असा हिशेब करून गाडीची तिकिटं काढली. मी दोनदा विचारलं, अर्ज गेला का? उत्तर एकच, "तुम्ही काळजी करू नका, आपला माणूस आहे." आपल्या माणसाने नाही कधीच म्हटलं नाही. दिल्लीतला कुठलाच पीए नाही म्हणत नसतो, तो "बघतो" म्हणतो. आणि आपली मंडळी "बघतो"ला "झालं" समजतात.

अधिवेशन त्या वर्षी ठरल्या तारखेआधीच गुंडाळलं. बातमी शुक्रवारी आली, यांची गाडी शनिवारी निघायची होती. पोरांनी घरी सांगून ठेवलेलं, टीव्हीवर बघा, आम्ही वर गॅलरीत दिसू. शेवटी संसदेच्या बाहेरच्या रस्त्यावरून, बस थांबूही न देता, "ती बघा संसद" झालं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, कुठली? जुनी गोल की नवी त्रिकोणी?" तेवढ्यात बस वळलीसुद्धा.

अधिवेशन लवकर संपणं हा काही अपवाद नाही. २०२२ चं हिवाळी अधिवेशन २९ डिसेंबरपर्यंत ठरलेलं होतं, ते २३ ला संपलं. शिवाय अधिवेशन चालू आणि हातात पास असला, तरी गोंधळ होऊन सभागृह अकरा वाजून पाच मिनिटांनी तहकूब झालं तर तुमच्या वाट्याला रिकामी बाकं येतात. तो कुणाचाच दोष नाही.

माझी सवय अशी. संसद हा सहलीतला बोनस धरायचा, मुख्य कार्यक्रम नव्हे. गॅलरी बघायचीच असा हट्ट असेल तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा पकडावा. अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला असतो, त्यामुळे अधिवेशन असणार हे साठ दिवस आधी रेल्वेचं आरक्षण करतानाही ठाऊक असतं. फक्त खुद्द अर्थसंकल्पाच्या दिवसाच्या नादाला लागू नये. आणि अर्ज स्वतः लिहून, कागदपत्रं जोडून, खासदारांच्या दिल्लीच्या कार्यालयात पोचवावा. मतदारसंघातल्या कार्यालयात ठेवलेला कागद तिथेच राहतो. दहा वर्षांखालच्या मुलांना गॅलरीत घेत नाहीत, मोबाईल बाहेर जमा करावा लागतो, आणि आत टाळ्या वाजवायच्या नाहीत. हे तिसरं पोरांना तीनदा सांगा, बरोबरच्या पालकांना पाचदा.

यादीतलं नाव आणि आधारवरचं नाव

ही माझी सगळ्यात नावडती चूक आहे. पूर्णपणे टाळता येते, तरी दरवेळी होतेच.

राष्ट्रपती भवनाची मुख्य इमारत बघायची नोंदणी त्यांच्याच संकेतस्थळावर होते, माणशी ५० रुपये नोंदणी शुल्क आहे. नोंदवताना जे ओळखपत्र दिलं तेच, मूळ, गेटवर दाखवायचं. आता आपल्याकडे यादी कशी होते? मंडळाचे सेक्रेटरी वहीत लिहितात: जोशी काकू, पाटील वहिनी, अण्णा, अण्णांचे मेव्हणे. मग कुणाचा तरी भाचा ती वही बघून फॉर्म भरतो. आडनाव आधी की नाव आधी, वडिलांचं नाव मध्ये आहे की नाही, इंग्रजीत एक 'ए' की दोन, सगळं त्याच्या मर्जीवर.

एका ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या सहलीत एक काकू होत्या. लग्नात सासरच्यांनी नाव बदललेलं, गल्लीत, मंडळात, नातवंडांत त्या त्याच नावाने ओळखल्या जायच्या. आधार मात्र माहेरच्या नावाचं, कारण शाळेचा दाखला तसा होता. यादीत अर्थातच सासरचं नाव गेलं. गेटवरच्या जवानाने कार्ड बघितलं, यादी बघितली, पुन्हा कार्ड बघितलं. "माताजी, ये तो कोई और हैं." काका पुढे सरसावले, लग्नाची सगळी हकीकत मराठीमिश्रित हिंदीत सांगू लागले. जवान शांतपणे ऐकत होता, हसलाही, पण आत सोडेना. आणि का सोडावं? त्याच्यासमोर एक नाव होतं आणि दुसऱ्याच नावाची बाई. काकूंना एकटं सोडायचं कसं म्हणून काकाही बाहेर राहिले. बाकीचे गणतंत्र मंडप, म्हणजे पूर्वीचा दरबार हॉल, बघून आले आणि जेवताना झुंबरांचं वर्णन करत बसले. काकू एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण सेक्रेटरींनी पुढे केलेला गुलाबजाम काही त्यांनी घेतला नाही.

म्हणून मी यादी नावाची वस्तू स्वीकारतच नाही. प्रत्येकाच्या ओळखपत्राचा फोटो मागवतो, तोही माझ्या नंबरवर, सगळ्यांच्या ग्रुपवर नव्हे. आधार ही ग्रुपवर टाकायची चीज नाही. फोटोवरून अक्षरन् अक्षर स्वतः टाइप करतो आणि फोन करून प्रत्येकाला त्याचं नाव वाचून दाखवतो. लोक कंटाळतात, "अहो कळलं हो" म्हणतात. म्हणू देत. आणि निघायच्या दिवशी मूळ कार्ड हातात बघितल्याशिवाय मी कुणाला बसमध्ये चढू देत नाही. झेरॉक्स चालेल का, असं विचारणाऱ्याला मी उत्तरच देत नाही.

जानेवारीचा मोह

२६ जानेवारीच्या तोंडावर दिल्ली बघावी असं बऱ्याच जणांना वाटतं. संचलन टीव्हीवरच बघा. त्याआधीच्या तालमींमुळे कर्तव्य पथाच्या आसपासचे रस्ते बंद होतात, २९ तारखेचा बीटिंग रिट्रीट, म्हणजे लष्करी बँडचा समारोप सोहळा, होईपर्यंत राष्ट्रपती भवनही पाहुण्यांना बंद ठेवतात, आणि धुक्याने गाड्या किती तास रखडतील ते सांगता येत नाही. तसंच लाल किल्ल्याचं ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात. १५ ऑगस्टची तयारी चालू असते.

फेब्रुवारी उत्तम. थंडी सोसवते आणि राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यान उघडं असतं. उद्यानाला पैसे लागत नाहीत, तेव्हा "पास काढून देतो, माणशी अमुक" म्हणणारा भेटला तर त्याला नमस्कार करून पुढे चला.

जुन्या माहितीवर विसंबणं

पाच-सहा वर्षांपूर्वीचं माहितीपत्रक घेऊन येणारे सर मला दर हंगामात भेटतात. राजपथ २०२२ पासून कर्तव्य पथ आहे. मुघल गार्डन २०२३ मध्ये अमृत उद्यान झालं. राष्ट्रपती भवनातला दरबार हॉल २०२४ पासून गणतंत्र मंडप, अशोक हॉल अशोक मंडप. १९२७ ची गोल संसद आता संविधान सदन आहे आणि कामकाज सप्टेंबर २०२३ पासून शेजारच्या त्रिकोणी इमारतीत चालतं. अमर जवान ज्योतीही इंडिया गेटखाली राहिलेली नाही. जानेवारी २०२२ मध्ये ती शेजारच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकातल्या ज्योतीत विलीन केली. तरी लोक कमानीखाली उभे राहून ज्योत शोधतात आणि शंभर पावलं पुढे युद्ध स्मारकात न जाताच परततात. तिथे प्रवेश मोफत आहे आणि परमवीर चक्र विजेत्यांचे अर्धपुतळे आहेत. माझ्या मते दिल्लीत मुलांना दाखवावं असं त्याहून चांगलं ठिकाण नाही.

किरकोळ, पण दिवस खाणाऱ्या गोष्टी

राष्ट्रपती भवनाचा परिसर ३३० एकरांचा आहे, गेटं अनेक. संग्रहालयाचं गेट ३०, अमृत उद्यानाचं ३५, मुख्य इमारतीसाठी पासवर छापलेलं असेल ते. ड्रायव्हरला नुसतं "राष्ट्रपती भवन" सांगितलंत तर तो विजय चौकात उतरवून मोकळा होतो, आणि मग आजोबांना घेऊन पळापळ.

राष्ट्रपती भवन ते इंडिया गेट नकाशावर सरळ रेघ दिसते. ती सुमारे तीन किलोमीटर आहे. "चालत जाऊ, मजा येईल" हे पंचविशीतल्या माणसाने म्हणावं.

शनिवारी राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात पहारा बदलण्याचा समारंभ असतो. वेळ ऋतूप्रमाणे बदलते आणि परदेशी पाहुणे आले की कधी कधी तो रद्दही होतो. आदल्या दिवशी संकेतस्थळ बघा.

पिशव्या बसमध्येच ठेवा. पॉवर बँक, लायटर, तंबाखूची पुडी काढून ठेवायला सगळ्यांना आठवतं, पण आजींच्या चंचीतला अडकित्ता कुणाला आठवत नाही. यंत्रातून पिशवी गेली की तोच आधी दिसतो, आणि मागे पन्नास माणसं खोळंबतात.

महाराष्ट्रातून स्वतःची बस नेणाऱ्यांनी हिवाळ्यात जपून. हवा फारच बिघडली की जुन्या डिझेल गाड्यांवर दिल्लीत निर्बंध येतात. रेल्वेने जाऊन तिथलीच बस केलेली बरी.

आणि महाराष्ट्र सदनात राहायला मिळेल असं गृहीत धरू नका, सरकारी कामाने आलेल्यांना आधी खोल्या मिळतात. जेवायला जाणार असाल तर दिल्लीत सदनं दोन आहेत. जुनं कोपर्निकस मार्गावर, नवं कस्तुरबा गांधी मार्गावर. ड्रायव्हरला रस्त्याचं नाव सांगा.